पाच घरांचा मोहा

सन अठ्ठ्याहत्तरचा आषाढ. रुखमा दाराआड उभी राहून पायाच्या नखांतला चिखल काडीनं काढत होती, आणि बाहेर ओसरीवर पाच घरची माणसं तिला गावात ठेवायचं की नाही, ते ठरवत होती.

कोंढ्याजवळच्या त्या गावात बांधावरचा थोरला मोहा पाच घरांचा होता. चैत्रात त्याची फुलं वेचून पाचही घरं वाटून घेत. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्यावर वीज पडली. शेंड्यापासून बुडापर्यंत साल सोलून निघाली, आठवड्यात सारा पाला करपला. एवढं झाड उगाच कसं जाईल? कुणाकडं तरी बोट दाखवायला हवं होतं.

रुखमा पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसावर वीज धावते म्हणतात. आणि त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असंही म्हणतात. "सासरी सांगू नोको," असं माहेरून, एकोडीहून निघताना आईनं बजावलं होतं. पण हिवाळ्यात सासूची पाठ धरली. सत्यभामाबाईंचं कण्हणं रुखमाला ऐकवेना, तिनं पाय लावला. तेव्हापासून साऱ्या गावाला ठाऊक झालं.

"ईज पडली तवा थे अड्याळले होती, चक्कीवर," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या.

"पन गेली तं मोह्याखालूनच ना?" केवळराम म्हणाले. पाच घरांत त्यांचा शब्द शेवटचा. "आज झाड गेलं. उद्या कोनाचं पोरगं गेलं तं?"

रुखमाचा नवरा जागेश्वर खांबाला टेकून सुपारी कातरत होता. तो कातरतच राहिला.

"तं मंग आयका," म्हणत केवळराम उठायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. एक हात गुडघ्यावर, एक कमरेवर. "अगं माय वं!"

कुणाचं तरी हसू खोकल्यात गेलं. शेजारच्या परसरामनं विचारलं, "बंडी जुंपू का, केवळरामजी? पवनीच्या डाक्तरकडं नेतो."

"बंडीत हाडं मोकळी होतीन माह्यी!" केवळराम विव्हळले. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "रुखमाले बोलवा."

साऱ्या माना दाराकडं वळल्या. एकालाही त्यात वावगं वाटलं नाही, हे रुखमानं पाहिलं. तरी ती बाहेर आली. यांची पाठ सुटली तर आपलीही सुटका होईल, अशी आशा तिला वाटली.

केवळराम पालथे पडले होते. सदरा वर गुंडाळलेला, पाठभर घामोळ्या, करदोड्यात अडकवलेली मळकी किल्ली. तिच्या तळव्याला ती ओली, गरम कातडी लागली. तीन वेळा तिनं पाय लावला.

केवळराम उठले. डावीकडं वळून पाहिलं, उजवीकडं वळून पाहिलं. सदरा खाली ओढला.

"तं मी का म्हनत होतो," ते म्हणाले, "उद्या पह्यल्या गाडीनं हिले एकोडीले पोचवून द्या."

जागेश्वरचा अडकित्ता चालूच होता. परसरामनं पानाचा डबा पुढं केला, केवळरामांनी पान घेतलं.

रुखमा अंगणाच्या कडेला जाऊन थुंकली.

"पोचवाले कोनी येऊ नोका," ती म्हणाली.

वीज पडलेलं लाकूड कुणी चुलीत घालेना. मोहा बांधावर उभ्या उभ्या किडत राहिला. सत्यभामाबाई दोन वर्षांत अंथरुणाला खिळल्या आणि सुनेची वाट बघत गेल्या. परसरामचं घर पुढं अड्याळला गेलं. केवळराम सहा वर्षं ताठ चालले आणि चौऱ्याऐंशीत तापानं वारले. जागेश्वरनं दुसरी केली नाही, पहिलीलाही आणलं नाही.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो एकोडीला आला. रुखमा भावाच्या बांधीत धान कापत होती. तो बांधावर टेकला.

"केवळराम मेले. आता कोनी काई म्हनत नाही. चाल."

"तवा तरी तुमी कुठं काई म्हनलं?"

तिनं त्याला मडक्यातलं पाणी गडव्यात ओतून दिलं, तो पिईपर्यंत थांबली, गडवा परत घेतला.

"तुमची साकोलीची गाडी पाचले असते," ती म्हणाली, आणि विळा उचलून आपल्या कापणीच्या पातेत जाऊन बसली.