राजाच्या गळ्यावरचा भंडारा

"मॅडम, तुमच्या तपासणीत मेंढ्याचा बाप कळतो का?"

अर्फाने माइक दोन्ही हातांनी धरला होता आणि आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठाच निघाला. मेंढ्यांच्या प्रदर्शनाच्या मंडपभर हशा उसळला. मागच्या रांगेत शाझिया आणि सृष्टी एकमेकींच्या ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. साऱ्या आटपाडीसमोर हे विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती, भेळेवर. त्यांना वाटत होतं, अर्फा भेळेसाठीच उठली.

प्रियदर्शनी मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्यामागे मोठा नकाशा टांगला होता आणि त्यावर प्रत्येक वाडीचा ठिपका वेगळ्या रंगाचा होता. समुद्रातल्या बेटांवर जशी ज्याची त्याची जनावरं वेगळी होत जातात, तशी या कोरड्या माळावर वाडीगणिक मेंढरं वेगळी होती, असं त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. आता कालवे आले, टेम्पो आले, आणि रंग एकमेकांत मिसळायला लागले. म्हणून सहा-सात वर्षांनी एकदा त्या फेरी मारायच्या, कळपाकळपातून रक्त घ्यायच्या आणि मागच्या फेरीशी ताडून पाहायच्या.

"कळतो," मॅडम म्हणाल्या. "बापाचं रक्त आमच्याकडे आधीपासून असेल, तर."

"सुलतानचं हाय की! बोरमळ्याच्या मोहिद्दीनभाईंचा मेंढा. मागल्या फेरीला तुमीच घेतलंवतं."

हसणं जागच्या जागी थांबलं. व्यासपीठाशेजारी नानासो आपल्या पहिल्या नंबरच्या मेंढ्याला, राजाला, धरून उभे होते. राजाच्या नाकाचा बाक पोपटाच्या चोचीसारखा होता आणि गळा भंडाऱ्याने पिवळाजर्द माखलेला. नानासोंचा हात दोरीवरून सरकला आणि त्या गळ्यावर जाऊन बसला.

दोन वर्षांपूर्वी याच मंडपात नानासो पंच होते. सुलतानच्या गळ्याखाली मांसाचे दोन लोलक लोंबायचे. नानासोंनी ते चिमटीत धरून सगळ्यांना हलवून दाखवले होते.

"ही बघा भेसळ! मोहिद्दीनभाई, असलं माझ्या दावणीला एक दिस ठेवनार न्हाई मी. बाजार दाखवा त्याला."

लोक हसले. मोहिद्दीनभाई, म्हणजे अर्फाचे अब्बाही हसले. अर्फाला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं, अब्बांचं ते हसणं. त्यानंतर सुलतानकडे कुणी मेंढी आणली नाही. एका शनिवारी अब्बा त्याला घेऊन बाजारात गेले आणि रिकामी दोरी मनगटाला गुंडाळून परत आले. ती दोरी अजून दाराआड खिळ्याला होती.

पण त्या प्रदर्शनाच्या थोडं आधी, दिवेलागणीला, नानासोंचा गडी गुंडा अर्फाच्या घरच्या कुंपणाशी आला होता. बरोबर एक मेंढी.

"मालकानं धाडलंय. सुलतानकडं सोडायचीय. कुनाला बोलू नगा."

फाटक अर्फानेच उघडलं होतं.

आज सकाळी राजाला पाला चारायच्या निमित्ताने तिने भंडाऱ्यात बोट घातलं. खाली दोन व्रण होते, गुळगुळीत. लोलक मुळापासून कापलेले होते.

"कुणाशी जुळवून बघायचं आहे का?" मॅडमनी विचारलं.

सकाळपासून अर्फा हे वाक्य घोकत होती. राजाशी जुळवा. एवढंच तर म्हणायचं होतं.

"इचार की पोरी," नानासो हसले, पण डोळे हसत नव्हते. "घाबरतोय व्हय आमी? माझ्या घरात भेसळ निघाली, तर येत्या शनिवारी बाजार. माझा शब्द हाय. मग त्यो पहिल्या नंबराचा का असंना."

राजा सावकाश रवंथ करत होता. वरचा ओठ एका बाजूला ओढून, अगदी सुलतानसारखा. मंडपाच्या पलीकडे टेम्पो लागले होते. विट्याच्या, कवठे महांकाळच्या, जतच्या मेंढ्या राजाची वाट पाहत होत्या आणि गुंडा त्यांच्या मालकांना ओळीत उभं करत होता.

अर्फाने टेम्पोंकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

"न्हाई मॅडम. भेळंची पैज हुती."

पुन्हा हशा. सगळ्यात मोठ्याने नानासो हसले. हात मात्र गळ्यावरून हलला नाही.

खाली उतरताना ती मुद्दाम त्यांच्याजवळून गेली.

"आवं नानासो, राजा लय भारी हाय. कुनाला न्हाई म्हनू नगा." तिने राजाच्या गळ्याशी, नानासोंच्या बोटांच्या अगदी शेजारी, बोट टेकवलं आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पुसलं. "जाऊ द्या हेचं रगात वाडीवाडीत."

नानासो त्या पिवळ्या डागाकडे बघत राहिले.

घरी अम्मी भाकरी थापत होती आणि अब्बा शेळ्यांसाठी पाला तोडत होते. ताटावर बसता बसता अर्फाने सगळं एका दमात सांगितलं. अब्बांचा हात थांबला.

"आपल्या सुलतानचं पिल्लू?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"शनिवारी त्योबी गेला असता, अब्बा."

"म्हंजे सोडलंस त्या मानसाला," अम्मी तव्याकडे बघत म्हणाली.

"सोडलं?" अर्फा खदखदून हसली. "अम्मी, दोन-चार वर्सांत विट्यापासनं जतपतूर कळपाकळपात सुलतान असल! आनि नानासो रोज उठून माझ्या तोंडाकडं बघत बसनार, आज बोलते का उद्या बोलते. तवर राजाला हात लावायची बिशाद न्हाई त्येंची."

अब्बा दाराआड गेले. खिळ्यावरची दोरी त्यांनी हातात घेतली आणि उगाच तिचा पीळ चाचपत राहिले.

"सगळीकडं एकच मेंढा झाला," ते हळू म्हणाले, "तर त्या मॅडमच्या नकाशाचं काय गं? येवढ्या रंगांचं?"

अर्फाचा घास तोंडातच राहिला. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. बाहेर शेळ्या पाल्यासाठी कुंपणाला धडका देत होत्या.

तिने घास गिळला, हात धुतला आणि दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"अकरावीला मी सायन्स घेनार. जनावरांची डाक्टर हुनार. मॅडमच्या पुढल्या फेरीला रगात मी काडनार, मग नकाशाचं काय व्हतंय ते माझं मी बगीन. आनि पयली दावन नानासोची."