बेबाबाईच्या घरचा बस्ता

बस्त्यासाठी धुळ्याला जायचा दिवस ठरला, ही बातमी कुंदाबाईला कळली ती नळावर, आणि तीही सुमनबाईच्या तोंडून.

"गुरुवारले धुयाले जाई राह्यनात," सुमनबाई घागर विसळत म्हणाली. "बेबाबाई, तिनी जाऊ, आनि वच्छलाबाई. तुले म्हाईत व्हईनच."

"म्हाईत नही कसं? माले नही ते मंग कोनले म्हाईत व्हई?" कुंदाबाई म्हणाली. तिचा हंडा भरून वाहायला लागला होता. एरवी दुसऱ्याच्या हंड्यातून ओंजळभर सांडलं तरी चार शब्द ऐकवणारी ही बाई, पण तिचं लक्षच नव्हतं. शेवटी सुमनबाईनंच नळ बंद केला.

अमळनेरला तेलाच्या कारखान्यामागे ही बावीस खोल्यांची चाळ. कुंदाबाईचा नवरा गिरधर कारखान्यात वजनकाट्यावर होता. पगार बेताचाच, पण कुंदाबाईनं संसार असा काही ओढला होता की चाळीला तिचं नवल वाटे. बाजार उठायच्या वेळी कोणता माळी वांग्याचा ढीग निम्म्या भावात उचलून देतो, कोणत्या गिरणीत डाळीची चुरी मिळते, डोळ्यांच्या फुकट शिबिरात चष्मा कोणत्या दिवशी वाटतात, सगळं तिच्या जिभेवर. बोरी नदीच्या पात्रातल्या यात्रेला ती शेवटच्या दिवशी जायची, कारण त्या दिवशी दुकानदारांना माल परत न्यायचा कंटाळा आलेला असतो. शाळेच्या मैदानात सरकारी गाडी पडदा लावून सिनेमा दाखवणार असली की पहिलं पोतं कुंदाबाईचं अंथरलेलं. उन्हाळ्यात चाळीतल्या बाया तिच्यामागून स्टेशनवर जात. तिथं बाकावर वारा फुकट, माठातलं पाणी फुकट, आणि सुरतेच्या गाड्या बघायला मिळत त्या वेगळ्याच.

पण तिचा खरा मान होता बस्त्यात. लग्नाचे कपडे एकदम घ्यायला, म्हणजे बस्ता फाडायला, घरची माणसं दुकानाच्या गादीवर बसली, की मधोमध कुंदाबाई. चाळीतल्या पंधरा पोरींचे बस्ते तिनं फाडले होते. साडी हातात आली की आधी ती लोट्यातल्या पाण्यानं पदराचा कोपरा भिजवायची, मग कमरेचा पांढरा रुमाल काढून त्यावर तो कोपरा घासायची. रुमालाला रंग लागला की साडी बाजूला. नाही लागला, तर भाव. भाव जमला नाही की ती उठून दुकानाच्या पायरीपर्यंत जायची, आणि पायरीवर चप्पल शोधायला इतका वेळ लावायची की ज्ञानचंद शेठ आतून हाक मारायचेच. "आओ बाई, आओ. आज किती लुटणार गरिबाला?" असं म्हणत ते हसायचे आणि देऊन टाकायचे.

तिला स्वतःच्या घरचा बस्ता मात्र कधी मिळाला नाही. दोन्ही मुलगेच. थोरला सुरतेला कामाला लागला, तिथलीच मुलगी केली. व्याह्यांनी साड्या थेट मार्केटातून उचलल्या आणि बोचकं बांधून पाठवलं. धाकट्याच्या वेळीही तेच. म्हणून बेबाबाईच्या रंजनावर तिचा जीव. शेजारच्या खोलीत जन्मलेली पोर, कुंदाबाईच्या मांडीवर वाढलेली, तिला 'मावशी' म्हणणारी. रंजनाचा बस्ता म्हणजे आपल्या घरचा बस्ता, हे कुंदाबाईनं दहा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. आणि आता वीस वर्षांच्या मैत्रिणीनं तिला सांगितलंसुद्धा नव्हतं.

याच्या मुळाशी कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वच्छलाबाई वर्षभरापूर्वी चाळीत राहायला आली. तिचा नवरा अभिमन एसटीत कंडक्टर. मालेगावची गाडी असली की तो मागावरून उतरलेल्या साड्या आणायचा, नंदुरबारची असली की मिरच्या. रावेरच्या गाडीवर ड्यूटी लागली की सावद्याहून केळी. तिथं वॅगन भरताना ज्या घडात एखादं केळं पिवळं दिसलं तो घड बाजूला काढतात, नाहीतर दिल्लीपर्यंत अख्खा डबा पिकून जातो. ते बाजूला काढलेले घड जवळजवळ फुकट. कुंदाबाईनं तीस वर्षं पायपीट करून जे साधलं, ते या बाईला घरबसल्या सरकारच्या गाडीनं पोचतं होत होतं. हळूहळू बाया कुंदाबाईच्या दारावरून पुढे वच्छलाबाईकडे जायला लागल्या.

वच्छलाबाई कजाग असती, आखडू असती, तर बरं झालं असतं. पण ती स्वभावानं लोण्यासारखी. केळ्यांची पहिली फणी नेहमी कुंदाबाईकडे घेऊन यायची. "अक्का, तुमना हातखाल शिकनू मी हाई बठ्ठं," असं वर म्हणायची. कुंदाबाईनं एकदा ती केळी चाळीमागच्या शेळीला घातली. शेळीनं सालीसकट मिटक्या मारत खाल्ली आणि आणखी आहेत का म्हणून तिच्याकडे पाहिलं. कुंदाबाईला शेळीचाही राग आला.

"बेबानं बलावं नही," नळावरून आल्यावर तिनं गिरधरला सांगितलं.

गिरधर दाढी करत होता. "इसरी गयी व्हई."

"पोटनी पोरनं लगीन, आनि माले इसरी गयी?"

"मंग जाईसन इचार तिले."

"मी? मी इचारसू? मना काय अडी राह्यनं तिना मांगे मांगे जावाले?" गिरधरनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गालाला साबण लावला.

ती वाट पाहत राहिली. बुधवारी दिवेलागणीला बेबाबाई खोबऱ्याची वाटी मागायला आली, इकडचं तिकडचं बोलली, आणि गुरुवारचं नावही न काढता गेली. त्या क्षणी कुंदाबाईच्या मनात जे काही होतं त्याला मत्सर हेच नाव आहे, दुसरं चांगलं नाव शोधून उपयोग नाही.

गुरुवारी तिनं आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. काही घ्यायचं नसताना, कुणाला भेटायचं नसताना, पूर्ण तिकीट काढून ती धुळ्याला गेली. दुकानाचं नाव सुमनबाईकडून काढून घेतलंच होतं. आग्रा रोडला समोरच्या बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं बाकावर बसली. बसायचं तर रस घ्यावा लागला. तिनं अर्धा ग्लास मागितला आणि तो दीड तास पुरवला.

दुकानाच्या काचेतून सगळं दिसत होतं. पांढरी गादी, मधोमध वच्छलाबाई. साड्यांवर साड्या पडत होत्या. चहा आला. बेबाबाई इतकी हसत होती की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मग दुकानदारानं वांगी रंगाची, बारीक जरीच्या काठाची एक साडी उलगडली. बेबाबाईनं ती वच्छलाबाईच्या खांद्यावर टाकली, मागे सरकून डोळे बारीक करून पाहिली, आणि मान डोलावली. कोपरा भिजवला नाही, घासाघीस नाही, कुणी पायरीपर्यंत उठून आलं नाही. साडी सरळ बांधायला गेली.

'तिला साडी घेतली,' कुंदाबाईच्या मनात आलं. 'भाव न करता घेतली.' उरलेला घोटभर रस तिला कडू लागला.

परतीच्या गाडीत चढली तर तिकिटाची पेटी घेऊन समोर अभिमन उभा. "अक्का, तुम्ही धुळ्याला? आमच्या घरचे पण इकडेच आले आहेत ना बस्त्याला. बरोबरच यायचं."

"डोयाना डाक्टरकडे उन्थू," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

सुमनबाईचं माहेर म्हणजे रंजनाचं होणारं सासर, पारोळ्याकडचं एकच गाव. रविवारी ती माहेरी जायला निघाली, तेव्हा कुंदाबाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कोनले सांगू नको सुमन," ती म्हणाली. "पन ज्या दुकानमाईन बस्तं फाडं, तठे माल बठ्ठा कच्चा रंगना शे. पहिलं धुनं पडनं की पानी लाल. बिचारी बेबा फसनी."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुकानाची पायरीही ती कधी चढली नव्हती. आणि 'कोणाला सांगू नको' म्हणून सुमनबाईला सांगितलेली गोष्ट कुठवर पोचते, हे चाळीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

लग्न चाळीच्या मैदानातच लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मांडवात अहेर सुरू झाला. बेबाबाईनं नवऱ्या मुलाच्या आजीपुढे लुगडं ठेवलं, वर नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. म्हातारीनं नारळ बाजूला केला.

"पानीना लोटा आना वं," ती म्हणाली.

कुणाला वाटलं तिला तहान लागली. लोटा आला. म्हातारीनं पदराचा कोपरा त्यात बुडवला, पिळला, आणि सुनेकडून पांढरा रुमाल मागून घेतला. मग सगळ्या मांडवादेखत तिनं तो कोपरा रुमालावर घासला. सनईवाला थांबला होता. रंजना मान खाली घालून बसली होती. पुढची साडी, तिच्या पुढची, अशा पाच साड्या म्हातारीनं भिजवल्या, आणि तेवढा वेळ बेबाबाई हात जोडून उभी होती.

रुमाल शेवटपर्यंत पांढरा राहिला.

"पक्का शे," म्हातारी म्हणाली. "गावमा कोनी तरी काय बाय सांगं व्हतं, भिजाडीसन दखा म्हने. राग मानू नको बहीन."

पाव्हणे हसले, सनई पुन्हा सुरू झाली. बेबाबाईसुद्धा हसली. पण हसता हसता तिनं मान वळवली आणि बायांच्या घोळक्यात कुंदाबाईला शोधलं. कोपरा भिजवून पांढऱ्या रुमालावर घासणारी बाई आजवर पंचक्रोशीत एकच होती, आणि तिच्या कमरेला या क्षणीही तो रुमाल खोचलेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेबाबाई आली. एका हातात कागदात बांधलेलं काहीतरी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पितळी लोटा. तिनं दोन्ही कुंदाबाईसमोर ठेवलं आणि स्वतः दारातच बसली.

"हाई तुनी," ती म्हणाली.

कागदातून वांगी रंग डोकावत होता. बारीक जरीचा काठ.

"मांडवमा देनी व्हती. बठ्ठासमोर, रंजनानी मावशी म्हनीसन. पन त्या दिन मना हात नही उठना."

कुंदाबाईनं कमरेचा रुमाल आत खोचला.

"तुले बस्ताले लई गयी नही, कारन तू व्हती ते तुनी साडीना भाव तूच करती. सगळास्मा सस्ती उचलती, नि मना पैसा वाचाडती. वीस वरीस तू हाईच करं. म्हनीसन वच्छलाबाईना खांदावर टाकीसन दखी, ती तुनाच रंगनी शे. दुकानदारनी सांगा तो भाव दिना. एक पैसा कमी करा नही." बेबाबाईचा आवाज कुठंही चढला नव्हता. "तू धुयाले येल व्हती, हाई माले अभिमनभाऊनी सांगं. मी म्हंतं, डोयासले काय व्हयनं व्हई अक्काले."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पानी बी आनेल शे. कोपरा भिजाडीसन देखी ले."

आणि ती गेली. शेजारच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. वीस वर्षांत दिवसाउजेडी ते दार लागलेलं कुंदाबाईनं ऐकलं नव्हतं.

तिनं कागद उलगडला. आपल्यासाठी कुणी पूर्ण भावात काही घेतलंय, असं तिच्या आयुष्यात घडलं नव्हतं. स्वतः तिनं तर नाहीच, पण गिरधरनंही नाही, पोरांनीही नाही, कारण सगळ्यांना माहीत, हिला विचारून घेतलं की स्वस्त पडतं. सवयीनं तिचा हात लोट्याकडे गेला. बोटं पाण्याला लागली. तिनं ती काढून घेतली आणि अंगावरच्या जुन्या साडीला पुसली. कमरेचा रुमाल काढून तिनं पेटीच्या तळाशी टाकला.

संध्याकाळी गिरधर कामावरून आला. घामाघूम झाला होता. दाराशी भरलेला लोटा बघून त्यानं हात पुढे केला.

"ते पेवानं पानी नही," ती घाईनं म्हणाली.

"मंग कसानं शे?"

तिनं साडी तशीच कागदात गुंडाळून फळीवर ठेवली, लोटा उचलला आणि बाहेर आली. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, एवढी रीत तिला ठाऊक होती. एक थेंब न सांडता ती चार पावलं चालली, आणि भरलेला लोटा बेबाबाईच्या बंद दारापुढे, उंबऱ्याला लावून ठेवला. कडी वाजवली नाही.