माझा दुसरा गिअर

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मित्रांनो, तशी तुमची-माझी मैत्री मुळीच नाही. तुम्ही मला जन्मात पाहिलेले नसेल. माझ्या डोक्यावरची दांडी तेवढी तुम्हाला ठाऊक. पण आपली कहाणी सांगताना असे म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो.

सध्या मी एका गॅरेजच्या फळीवर पोट उघडे टाकून पडलो आहे. कालच एक गिऱ्हाईक इथे टेकून उभे होते. माझ्याकडे बोट दाखवून मेस्त्रीला म्हणाले, "डबल क्लच मारला असता ना, तर हा अजून वीस वर्षं टिकला असता. हल्ली कुणाला गाडी चालवताच येत नाही." मेस्त्रीने नुसती मान हलवली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हे त्याला कळते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले असे लोक मी फार पाहिले आहेत. माझा खरा आजार सहा वर्षे झाकून ठेवला तो डबल क्लचनेच.

डबल क्लच म्हणजे काय, ते आधी सांगतो. कारण तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत नसणार आणि उरलेल्या निम्म्यांना चुकीचे माहीत असणार. जुन्या बस-ट्रकमध्ये गिअरबॉक्सच्या आतल्या दातेरी चाकांचे वेग आपोआप जुळत नसत. मग चालक क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणी, क्लच सोडी, खालचा गिअर हवा असेल तर ॲक्सिलरेटरला हलकेच एक टोला देई, पुन्हा क्लच दाबी आणि मग गिअर टाकी. एका कामाला दोन दाब. तिथे ती गरज होती. माझ्यासारख्या अलीकडच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला एक पितळी कडी असते. गिअर बसायच्या आधी ती वेग जुळवून देते; तिचा जन्मच तेवढ्यासाठी. ती धडधाकट असताना रोजच्या रस्त्यावर डबल क्लच मारणे म्हणजे उघड्या दारावर थापा मारणे. गाडीचे काही बिघडत नाही. मारणाऱ्याची मान तेवढी ताठ होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका यंत्राने मला ओतले, दुसऱ्याने भोके पाडली, आणि चष्मा लावलेल्या एका बाईने माझे पाचही गिअर टाकून पाहून शिक्का मारला. मला समजून हाताळणारे ते पहिले माणूस. पुढे असे माणूस मिळायला फार वर्षे गेली.

पहिला मालक विमा विकायचा. एका हातात फोन, दुसऱ्या हाताची दोन बोटे गिअरला. क्लच अर्धाच दाबायचा आणि दोरीवरचे धुणे ओढावे तसा दुसरा गिअर ओढायचा. सिग्नलला थांबला की हाताचे सगळे ओझे माझ्या दांडीवर. नऊ वर्षांत त्याने माझ्या दुसऱ्या गिअरची कडी गुळगुळीत करून टाकली. तिच्या अंगावरच्या बारीक रेघा गेल्या, की तिच्यात आणि बांगडीत काही फरक राहत नाही. दुसरा गिअर टाकताना खर्रर्र असा आवाज येऊ लागला. या गृहस्थाने त्यावर उपाय काय केला, तर रेडिओ मोठा केला. महिन्याभरात गाडी विकून मोकळा झाला.

गाडी घेणारा माणूस एकतीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेला होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. तो पहिल्याच दिवशी गाडीत बसला आणि सवयीने डबल क्लच मारून त्याने दुसरा गिअर टाकला. आवाज आला नाही. "लोण्यासारखा बसतोय!" तो म्हणाला आणि त्याने गाडी घेतली.

मित्रांनो, माझी कडी गेली आहे हे मला ठाऊक होते. पण हा माणूस कडीला काही कामच ठेवत नव्हता. वेग तोच जुळवायचा, माझे काम तोच करायचा आणि वर शाबासकी मला द्यायचा. फुकटचे मोठेपण कुणाला नको असते? सहा वर्षे मी ते मिरवले. वस्ताद गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. ऑइल स्वतः बदली. गॅरेजात गाडी नेली तरी चक्कर मारायला स्वतःच बसे. शेजाऱ्यांना बाजूला बसवून म्हणे, "आला आवाज? नाही ना? याला म्हणतात पाय!" शेजारी माना डोलवीत. आवाज कधी यायला हवा होता, हे त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत होते!

वस्तादाची मुलगी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. सत्तावीस वर्षांची. दिवसभर फ्रेम पुसायच्या, आरसा पुढे करायचा आणि "छान दिसतोय" म्हणायचे, याला ती विटली होती. डोळ्यांच्या दवाखान्याला फिरत्या तपासणी गाडीवर माणूस हवे होते. गाडी चालवायची, वस्त्यावस्त्यांत जायचे आणि तपासणीला हात द्यायचा. इतके मनासारखे काम तिला दुसरे मिळणार नव्हते. लायसन्स होते. तिने अर्ज भरला, मूळ प्रमाणपत्रे जमा केली. चाचणीला तीन महिने होते, म्हणून दर रविवारी सकाळी रिकाम्या बाजारपटांगणात बापाबरोबर सराव सुरू झाला.

पहिल्याच रविवारी तिने सरळ एकदा क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. खर्रर्र!

"पाय कुठंय तुझा?" वस्ताद ओरडला.

"पूर्ण दाबलाय बाबा."

"मग वाजला कसा?"

"फक्त दुसराच वाजतो. बाकीचे बघा, एकही वाजत नाही. दुसऱ्या गिअरलाच काहीतरी झालंय."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं! सहा वर्षं चालवतोय मी ही गाडी. वाजला एकदा तरी?"

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत कधी नाही वाजला माझा."

"त्या गाड्या लाडावलेल्या असतात. डबल क्लच मार."

"हल्लीच्या गाड्यांना लागत नाही तो. आमच्या सरांनी सांगितलंय."

"तुमच्या सरांनी बस चालवलीय का कधी?"

मित्रांनो, अंगण खरोखरच वाकडे होते. त्या मुलीने पहिल्या दिवशी नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते. पण एकतीस वर्षांच्या नोकरीपुढे पोरीचे कोण ऐकतो? तिने मग डबल क्लचही मारून पाहिला. बापाची नजर पायावर, त्यामुळे टोला कधी जास्त, कधी कमी. पुन्हा खर्रर्र. घरी कुणी आले की वस्ताद चहाचा कप हातात घेऊन सांगे, "चालवायला पायाला कान असावे लागतात. हिच्या पायाला कानच नाहीत." ती शेजारी उभी असे.

आणि मी? मला खर्रर्र एवढा एकच शब्द बोलता येतो, आणि तो मी दर वेळी तिच्या नावावर खपवला. ही कालची पोर मला एकदाच क्लच दाबते, वस्तादासारखी दोनदा मान देत नाही, म्हणून मला तिचा रागच होता. मी मुद्दाम थोडा जास्तच वाजत असेन.

हळूहळू ती दुसऱ्या गिअरला भिऊ लागली. इंजिन बोंब मारेपर्यंत पहिल्यातच राही, नाहीतर एकदम तिसरा टाकी आणि गाडी धापा टाकी. चाचणीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी नाही देत चाचणी. उद्या जाऊन फक्त कागद परत आणते."

वस्ताद म्हणाला, "तुझं तू बघ. पण त्या गाडीत माणसं असतात, चूक चालत नाही, हे खरंय. चल, मी सोडतो तुला."

सकाळी वस्तादाचा डावा गुडघा सुजला होता. जिना तो कठडा धरून उतरला. गाडीत बसला, पहिला गिअर टाकला आणि गल्लीच्या तोंडाशी दुसरा. गुडघ्यातून अशी कळ आली, की क्लच एकदाच दाबला गेला. खर्रर्र!

पुढच्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना पुन्हा तेच. मुलीने खिडकीबाहेरची नजर आत आणली.

"बाबा, आज तुमच्या पायाला कान नाहीत का?"

"गुडघा धरलाय. दोनदा दाबवत नाही."

"पण एकदा तर पूर्ण दाबलात ना? मी बघितलं. मग वाजला कसा?"

वस्तादाने गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "गाडीच..."

"गाडीचं काय, बाबा? म्हणा ना."

"गाडीच बिघडलीय."

"कधीपासून?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. पण उभ्या गाडीत मला तो एक शब्दही बोलता येत नाही. ती खाली उतरली, वळसा घालून त्याच्या दाराशी आली. "सरका. मी चालवते." दवाखाना येईपर्यंत मी चार वेळा वाजलो. कुणी तिला बोलले नाही.

दवाखान्याच्या आवारात पांढरी तपासणी गाडी उभी होती. यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तिला विचारले, "चाचणीला आलात का?"

तिने त्या गाडीकडे पाहिले. "हो," म्हणाली. "किल्ली द्या."

वस्ताद आमच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. गाडी निघाली. पहिला, दुसरा. आवाज नाही. तिसरा, आणि उतरणीवरच्या वळणाला पुन्हा दुसरा. आवाज नाही. तीन फेऱ्या झाल्या. "एकदाच दाबतेय," तो पुटपुटला, "एकदाच दाबतेय, आणि बसतोय."

ती परत आली तेव्हा तो म्हणाला, "पोरी, तुला येत होतं. मीच नाही म्हणत होतो. चुकलं माझं." ती "असू दे" म्हणाली नाही. "तुम्ही मागे बसा," म्हणाली, "पाय लांब करून. आपण आधी गॅरेजला जातोय."

मेस्त्रीने मला उतरवून उघडले आणि कडी बोटात फिरवून दाखवली. "काका, ही तर कित्येक वर्षांपूर्वी गेलेली. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मी ती कधी वापरलीच नाही," वस्ताद म्हणाला. तेवढ्याने त्या माणसाबद्दल माझ्या मनात थोडा आदर उरला आहे.

माझ्या जातीची कडी आता मिळत नाही, म्हणून त्या गाडीत दुसरा गिअरबॉक्स बसला आणि मी फळीवर आलो. मुलीला नोकरी मिळाली. मित्रांनो, डबल क्लच शिकायचा तर खुशाल शिका. एखाद्या म्हाताऱ्या गाडीला तो कामी येईल. पण तो माझ्यासारख्याचे दुखणे झाकण्यासाठी वापरू नका, आणि वरून त्याचा टेंभा मिरवू नका. तुमच्या घरी कुणाच्या हातून काही वाजले, तर आधी माझे झाकण उघडा, मग माणसाला नावे ठेवा. मला उघडायला अर्धाच दिवस लागतो.

परवा ती दवाखान्याची गाडी घेऊन इथे आली होती. मेस्त्री तिच्या शेजारी बसून चक्कर मारून आला. "गाडी एकदम ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण ताई, दुसरा गिअर टाकायच्या आधी तुम्ही श्वास का धरता?"

"सवय लागलीय," ती हसून म्हणाली आणि निघून गेली.

मित्रांनो, ती सवय मी लावली आहे.