मामाकडची पिवळी

"तूच नटून येतेस ना? मग आता कुणाला सांगायचं नाही. आईला तर मुळीच नाही."

सुभानमामाचा हा आवाज मालविकाच्या कानात शिरला तेव्हा ती आठ वर्षांची होती. करजणला, मामाच्या घरी, मे महिन्याच्या सुट्टीत. ज्या हातांनी अंगाखांद्यावर खेळवायचं त्या हातांनी दार लावून नको ते केलं, आणि दोष ठेवला तिच्या नव्या परकर-पोलक्यावर.

पोरीने मग रंगच सोडले. मातकट, राखाडी, अंगाला मोठं होणारं काहीतरी घालून भिंतीच्या कडेकडेने चालायची. नोकरी लागल्यावर एकदा लहरीपुऱ्याच्या बाजारातून जाताना दुकानाबाहेर टांगलेली डाळिंबी बांधणी वाऱ्याने उडाली आणि तिच्या चेहऱ्यावरून फिरली. "लई जाओ ने बेन, तमारी ज छे," तुमचीच आहे, घेऊन जा, असं म्हणत दुकानदार हसला. तिने घेतली. घरी दार लावून नेसली, आणि आरशासमोर बसून आधी रडली, मग हसली, मग कितीतरी वेळ स्वतःकडे बघतच राहिली.

तिथून ती रंगांच्या मागे निघाली. विमा कंपनीतली रजा साठवायची आणि एकटीने दूरचं गाव गाठायचं. भुजहून निळं अजरख छापाचं कापड आणलं. महेश्वरला घाटावर पाय सोडून बसली, तर पाण्याच्या लाटा साडीच्या काठावर उतरल्यासारख्या दिसल्या. ती साडीही आणली.

"कपाट आहे की बाजारपेठ?" आई, लताबाई, म्हणायची.

"बाजारपेठच. तू फक्त गिऱ्हाईक हो, दुकानदारीण होऊ नकोस."

कच्छच्या सहलीत अहल्या भेटली. भावनगरकडची शिक्षिका, जांभळ्या ओढणीतली. पांढऱ्या रणात दोघी चालत होत्या. जमीन कुठे संपते, आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. ओढण्या मागे पाखरांसारख्या उडत होत्या. अहल्या हवापाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "लहानपणी काकाने मला फार छळलं. नको तसं. आता मी सांगते लोकांना. सांगायला लागल्यापासून झोप लागते."

'मलाही' हा शब्द मालविकाच्या ओठापर्यंत आला आणि माघारी गेला. तिने नुसता अहल्याचा हात धरला, आणि दोघी मिठावरून चालत राहिल्या.

त्या वर्षी नवरात्रात गरब्याच्या फेरात ती बायकांचे चेहरेच बघत होती. किती जणी असं काही पोटात ठेवून टाळी देत असतील? घागऱ्यांचे घेर फिरत होते, आरसे लखलखत होते, आणि तिला वाटलं, एकेका आरशामागे एकेक लहान मुलगी उभी आहे, फेरात बोलावलं जाण्याची वाट बघत.

१९९९च्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. सलील तिच्यासारखाच फिरस्ता. वासण्याला आईच्या घरात पलंगभर साड्या पसरल्या आणि मालविका त्यांच्यात मासोळीसारखी पोहत होती. तेवढ्यात करजणहून खोका आला.

मामाकडची पिवळी. गौरीहर पुजताना नवरीने मामाने दिलेली पिवळी साडी नेसायची, आणि त्याच मामाने हाताला धरून तिला बोहल्यावर आणायचं, घराण्याची रीत.

"बघ, दादाने काठ किती निवडून घेतलाय!" लताबाईंनी घडी उलगडली. "म्हणाला, एकुलती एक भाची, मीच आणणार मांडवात."

मालविका पलंगावरून उठून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली होती.

"अगं, दुकानात चिंधी दिसली तरी हात लावून बघणारी तू! फिकी वाटते का? दादाला सांगून बदलून घेऊ."

"रंग चांगला आहे."

"मग मोड की घडी. नखरे नकोत नवरीबाई."

"आई, बस जरा."

"दूध ठेवलंय गॅसवर."

"गॅस बंद कर आणि बस."

लताबाई बसल्या. मांडीवर साडी तशीच. मालविकाने ती उचलून खोक्यात ठेवली आणि आईच्या समोर जमिनीवर बसली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"मी आठ वर्षांची होते, आई. सुट्टीत तू मला करजणला ठेवायचीस ना, तेव्हा सुभानमामा दार लावून माझ्याशी घाण वागायचा. एकदाच नाही, दोन सुट्ट्या. मी नको नको म्हणायचे. त्याचा हात मी धरणार नाही. तो मांडवात आला, तर मी येणार नाही."