पहिल्या पंपावरची कॉफी

शुभानं पिकअप रिव्हर्समध्ये टाकली आणि ब्रेकवरचा पाय न काढताच आरशात पाहिलं. मागे चार उंच पायांवर त्यांची केबिन उभी होती, सहलीला गाडीवर चढवून आत झोपता-राहता येईल अशी. तिच्या पोटाखाली गाडीचा हौदा सरकवायचा होता. बाजूला खुर्चीत तिचा नवरा, दिनकर. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचा उजवा हात बहुतेक मांडीवरच असे.

"ये... ये... डावीकडे घे. अगं, तुझ्या डावीकडे!"

"मला एकच डावी आहे हो."

"हाल्ट! थांब. गेनाऊ, अगदी बरोब्बर."

मग तिनं एकेका पायाचं हँडल थोडं थोडं फिरवलं. एक कोपरा आधी खाली गेला तर सगळं कलंडेल, हे त्यानं सकाळपासून इतक्यांदा ऐकवलं होतं की कुकरच्या शिट्टीसारखं ते तिला ऐकूच येईनासं झालं होतं. केबिन हौद्यातल्या रबरी चटईवर टेकली एकदाची.

राहिले चार कोपऱ्यांचे स्क्रू, केबिनला गाडीशी जखडणारे. तीन तिनं आवळले. चौथ्यापाशी दिनकर काठी टेकत येऊन उभा राहिला.

"हा मी करतो."

सगळी नोकरी त्यानं हॅम्बर्गला गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली होती. आणि या खेपेला झेपलं नाही तर केबिन विकायची, असं दोघांनी मुलीला, क्षितिजाला, कबूल केलं होतं.

शुभानं पाना पुढे केला. त्यानं तो उजव्याच हातात घेतला. स्क्रू फिरला, अडला, जरासा पुन्हा फिरला. बोटं पांढरी पडली. ती गॅरेजच्या दाराकडे बघत राहिली, जणू तिथं काही बघण्यासारखं होतं.

"घट्ट," तो म्हणाला.

"चला मग."

गावाबाहेरच्या पहिल्या पंपावर तिनं गाडी वळवली. दर सहलीला दिनकर इथंच थांबायचा. अगदी पहिल्या खेपेला, केबिन पडेल म्हणून ती सारखी मागे वळून बघत होती, तेव्हाही तो म्हणाला होता, "तू बस, मी कॉफी आणतो." थर्मास भरलेला असताना! ती चिडायची. तो कधी कप घेऊन यायचा, कधी नुसताच, हात पँटला पुसत. मशीन बंद आहे म्हणायचा.

"आता काय?" दिनकरनं विचारलं.

"तुम्ही बसा. कॉफी आणते."

पाना तिच्या जाकिटाच्या खिशात होता. चौथा स्क्रू नुसत्या बोटांनी हलत होता. तिनं तो आवळला. निघता निघता शेजारच्याला सहज हात लावला, आणि थबकली. मग पुढचे दोन पाहिले. तिचे स्वतःचे तिन्ही ढिले पडले होते.

म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी ते दर खेपेला इथवर येईतो ढिले पडतच असणार, आणि पँटला पुसलेले त्याचे ते हात... मग एकेक करून तिन्ही आवळले.

हात जाकिटाला पुसत ती परत येऊन बसली.

"कॉफी?"

"मशीन बंद आहे."

दिनकर समोर रस्त्याकडे बघत होता.

"असतं ते बंद," तो म्हणाला.

त्यानं थर्मास गुडघ्यांत धरला आणि उजव्या हातानं झाकण फिरवायला घेतलं. शुभानं हात पुढे केला नाही. गाडीही सुरू केली नाही. झाकण निघेपर्यंत ती थांबून राहिली.