टाकीखालची जागा

भाच्यानं आधी मासे आणले, मग टाकी आणली, आणि पाणी गाळायला फिल्टर कुठला घ्यायचा याचा विचार सर्वांत शेवटी सुरू केला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फक्त इथली वरात पोहत होती.

टाकी पलंगाएवढी होती. पलंगाएवढी म्हणायचं कारण असं की, बैठकीच्या खोलीत त्या भिंतीला आधी आत्याचा पलंग होता. तो सरकत सरकत टाकीला लागून दाराशी गेला आणि आत्याचं शिवणयंत्र टाकीच्या लोखंडी घोडीखाली जाऊन बसलं. हातानं फिरवायचं छोटं मशीन, लाकडी झाकणाचं. ही जागा आत्याला कुणी दिली नव्हती. अजून कुणी मागितली नव्हती, एवढंच. शेजारपाजारचे लोक लांब झालेल्या विजारी, तुटक्या चेनी, उसवलेले अभ्रे घेऊन यायचे. आत्या मशीन ओढून खिडकीपाशी घ्यायची, चाक फिरवायची, आणि चाक फिरत असेपर्यंत ती या घरात पाहुणी नसायची. बाकीच्या वेळी असायची.

"कॅनिस्टर," एके दिवशी जेवताना भाचा म्हणाला. फोनमध्ये बघून बघून त्याचे डोळे माशासारखेच झाले होते. "मोठा डबा असतो. टाकीच्या खाली ठेवायचा. आवाज शून्य!"

"खाली?" आत्यानं विचारलं.

"खालीच लागतो गं आत्या. पाणी आपसूक उतरतं, पंप वर ढकलतो. विज्ञान आहे ते."

"आणि माझं मशीन?"

"त्याचं बघू काहीतरी."

या घरात ज्यांचं 'बघू काहीतरी' झालं होतं, त्या सगळ्या वस्तू माळ्यावर होत्या. व्यायामाची सायकल, भाचसुनेची गिटार, एक दुर्बीण. त्यांचं पुढे कुणी काही बघितल्याचं ऐकिवात नव्हतं.

"अहो, त्यापेक्षा संप घ्या ना," भाचसून म्हणाली. "खाली दुसरी काचेची टाकीच असते. ताईकडे तोच आहे."

ताईकडे म्हणजे साडूकडे. भाच्याचा घास हातातच राहिला. साडूनं जे घेतलं ते घ्यावं तर नक्कल, न घ्यावं तर माघार. या पेचात आठवडे गेले. टाकीतलं पाणी धुण्याच्या पाण्यासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडून हवा गिळू लागले.

"बघा, बघा, बोलतायत माझ्याशी," भाचा कौतुकानं म्हणाला.

ते काय बोलत होते, ते आत्याला ऐकू येत होतं. डबा येवो नाहीतर संप, तिचं मशीन जाणार होतं. आणि काहीच आलं नाही, तर मासे जाणार होते. त्या बिचाऱ्यांनी तरी कुठे जागा मागितली होती?

दुकानात आत्या पिशवी धरायला म्हणून गेली. भाचा बाहेर उभा राहून फोनवर साडूकडूनच, पण साडूला कळणार नाही अशा बेतानं, माहिती काढत होता. तेवढ्यात आत्या दुकानदाराजवळ सरकली. "दादा, टाकीच्या वर बसणारं काही नाही का?"

त्यानं मागच्या फळीवरून एक लांब पारदर्शक पेटी काढली, फुंकर मारली. ओव्हरहेड फिल्टर. पंप पाणी वर चढवतो, ते स्पंजातून नि मातीच्या कड्यांतून गाळून पन्हळीतल्यासारखं खाली पडतं.

"माशांना मानवेल? टाकी मोठी आहे."

"हा मोठ्या टाकीचाच आहे. पडतं पाणी हवा घेऊन पडतं, खूश राहतील. पण बाई, आवाज! झुळझुळ चालूच. टाकीपाशी कुणी झोपतं का?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली.

भाचा आत आला. पेटी बघून त्यानं नाक मुरडलं. "हे? हे तर जुनाट आहे."

"खरंय रे राजा," आत्या म्हणाली. "तो डबाच घे. खाली दडलेला बरा. साडूचंही खालीच आहे ना? तुमचं दोघांचं अगदी सारखं होईल. पाहुण्यांना सांगायचं, जरा गुडघे टेका, म्हणजे आमचा फिल्टर दिसेल."

भाच्यानं फोन खिशात टाकला. मग पेटीकडे वळून दुकानदाराला म्हणाला, "यात पाणी फिरताना दिसतं?"

"सगळं दिसतं, साहेब. दिवा लावलात की धबधबा!"

धबधबा म्हटल्यावर विज्ञान संपलं.

पेटी टाकीवर चढली. पाणी हळूहळू निवळलं, मासे खाली उतरून आपापल्या उद्योगाला लागले. आत्या पहिल्या रात्री कूस बदलत राहिली. मग झोप आली ती पाण्याच्या पायरीपायरीनं आली.

आणि साडू आला. भाच्यानं दिवा लावला, धबधबा दाखवला. साडूनं बघितलंही, पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता. तो खाली वाकला. "वा! आणि तळमजल्यावर शिंप्याचं दुकान का?"

पाहुणे गेल्यावर भाचा तांबडालाल होऊन म्हणाला, "आत्या, ते मशीन आता माळ्यावरच टाकू. सगळी शोभा जाते."

आत्यानं मशीनचं झाकण नीट बसवलं. "शोभा मशीननं जात नाही रे, उघड्या घोडीनं जाते. निळा पडदा लाव. वरून पाणी पडतंय, खाली निळं झुलतंय. तुझी टाकी हवेत तरंगेल. तुझ्या साडूकडे आहे का असं?"

"नाही," भाचसून म्हणाली. "पण एवढा लांब पडदा तयार मिळतो कुठे? कोण शिवून देणार?"

दोघांच्याही डोक्यात काही येईना. एकाही माशाला हसू कसं आलं नाही, याचं आत्याला नवल वाटलं.

"मी बघते," ती म्हणाली. "मशीन मात्र हाताशी लागेल."

खिडकीपाशी निळं कापड पसरलं. चाकाच्या लयीवर आत्या गुणगुणू लागली:

*पाण्यातल्या माशाला गं, वरून मिळे वारा,*
*शिवणाऱ्या बाईला गं, टाकीखाली थारा.*

"आत्या छान गाते की," भाचा म्हणाला. शब्द त्यानं ऐकले नाहीत. त्याचं लक्ष दिव्याकडे होतं. पडदा ही आपलीच कल्पना, असं त्यानं संध्याकाळपर्यंत साडूला कळवलंही.

आत्यानं पडद्याला चुण्या दाट घातल्या आणि पलंगाकडच्या बाजूला एक चीर सोडली. समोरून बघणाऱ्याला ती दिसत नव्हती. पलंगावर बसल्या बसल्या हात लांब केला, की तो बरोबर तिथून आत, मशीनपर्यंत जात होता.