अधांतरी धरलेला चेंडू

हर्बर्ट ट्रेगेन्झाची इंग्लंडच्या रग्बी संघातली वीस वर्षांची कारकीर्द एकाच किकमध्ये गेली, आणि ती किक त्यानं मारायचीसुद्धा नव्हती. वेल्सविरुद्ध एका गुणानं मागे असताना तो मैदानावर पालथा पडला आणि दोन्ही हातांत चेंडू धरून राहिला. चेंडू गवताला टेकेपर्यंत वेल्सच्या पंधरा जणांनी गोलरेषेवर थांबायचं, टेकला की धावून यायचं, असा नियम. म्हणून किक मारणारा सिडनी लॉकयर सांगेल तेव्हाच तो टेकवायचा, तोवर बोटभर अधांतरी. सिडनी धाव घेण्यासाठी मागे गेला. दहा पावलं गेला, मग मैदानाबाहेर, मग गावाबाहेर. हर्बर्टला त्यात वावगं वाटलं नाही. सिडनी पहिल्यापासूनच चिकित्सक.

निवड समिती वर्षातून एकदा येई, देशाकडून खेळल्याचा मान म्हणून त्याच्या डोक्यावर इंग्लंडची नवी टोपी ठेवी आणि हात हलला नाही म्हणून शाबासकी देऊन जाई. बायको लव्हिनिया दर शनिवारी त्याला चहा पाजायची आणि चेंडूखालचं गवत कात्रीनं कापायची. समोर वेल्सवाल्यांचे केस पिकले, दोघं आजोबा झाले, पण एकानं रेषा ओलांडली असेल तर शपथ. मुलगी मेबल त्याला ठाऊक होती ती फक्त बुटांपुरती, दर वर्षी एक माप मोठी. तिच्या बुटाची नाडी एकदाही बांधता आली नाही, याचं त्याला फार वाईट वाटे.

आज मेबलचे बूट पांढरे होते.

"बाबा, अकराला लग्न आहे. मला चर्चमध्ये हात धरून कोण नेणार?"

"सिडनी दिसतोय का गं?"

तिनं नीट पाहिलं. "नाही."

"हात काढला तर इंग्लंड हरेल, पोरी."

"बरं. मग मी एकटीच जाते." ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला लागलं.

"पावणेअकरा झालेत, हर्बर्ट," लव्हिनिया म्हणाली. "आणि आज मी कात्री आणलेली नाही."

गवताचं टोक चेंडूच्या कातड्याला लागू लागलं होतं. हर्बर्टनं चेंडू खाली टेकवला. हार पत्करतानाही त्यानं शिवण गोलखांबांकडे केली आणि चेंडू सरळ उभा केला, सवयच ती. पंधरा म्हातारे आरोळी ठोकून निघाले. हर्बर्ट कण्हत उठला आणि मेबलचा हात घट्ट धरला.

तेव्हा मागून, अगदी जवळून, धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला, आणि वाऱ्यानं चेंडू हळूहळू कलंडू लागला.